मागच्या आसनावरून लिहिलेली गाडी

३० ऑक्टोबर २०२३ या दिवशी मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती. टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा त्या तारखेला भरली आणि गाडी संपली. त्यानंतरच्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांतून, पुरवण्यांतून आणि पुढे दिवाळी अंकांतूनही तिच्यावर भरपूर लेखन झाले. त्यातले मिळेल तेवढे मी कापून ठेवले आहे. त्यात माझाही एक लेख आहे.

या कात्रणांची चिकित्सा करावी असे वाटायला कारण झाला एक फोन. माझा लेख वाचून कळव्याहून एका निवृत्त टॅक्सीचालकाने मला गाठले. पस्तीस वर्षे त्यांनी गाडी चालवली, त्यातली बहुतेक पद्मिनीच. लेख आवडला असे ते आधी म्हणाले, मग जरा थांबून विचारले, "साहेब, तुम्ही पुढं कधी बसलात का?"

मी बसलो नव्हतो. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडात, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर कुणाचे तरी मूल घेऊन बसलो असेन. पण सुकाणूमागे कधीच नाही.

त्यानंतर सगळी कात्रणे पुन्हा काढून वाचली. आसनाचे गरम रेक्झिन, काच खाली करण्याचा फिरता दांडा, मागच्या काचेवरचा पडदा, छताचा रंगीत कपडा, डिकीत न मावणारी बॅग, पावसात गळणारे दार. हे सारे खरे आहे आणि काही ठिकाणी सुंदरही लिहिले आहे. पण हे सगळे मागच्या आसनावरून दिसणारे आहे. गाडीत एक माणूस दिवसाचे बारा तास ज्या गोष्टीकडे पाहत होता, ती गोष्ट म्हणजे त्याच्यासमोरचा डॅशबोर्ड. त्यावर माझ्या संग्रहातल्या एकाही लेखात एक परिच्छेदसुद्धा नाही. गणपतीची मूर्ती आणि झेंडूची माळ येते. पण तीही मागून, दोन डोक्यांच्या फटीतून दिसते तेवढीच.

हा दोष एकट्या वर्तमानपत्री स्मरणलेखनाचा नाही. २०१५च्या सुमारास 'टॅक्सी फॅब्रिक' या प्रकल्पाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीची अंतर्सजावट करून घेतली. काम देखणे होते, जगभर त्याची छायाचित्रे गेली. पण सजले ते छत, आसने, दारांची आतली बाजू. म्हणजे प्रवाशाची नजर जिथे जाते तो भाग. चालकासमोरची पट्टी जिथल्या तिथे राहिली. मी तक्रार करत नाही, कदाचित तेच बरे झाले. पण आपल्या कौतुकाचा कोन यातून कळतो.

आता त्या पट्टीकडे वळतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली कंपनी. फियाट ११०० ही गाडी १९५०च्या दशकात तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळू लागली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे घेत ती १९६४ला 'डिलाइट'पर्यंत आली. डिलाइट म्हणजे इटलीत १९६२ साली निघालेली ११०० डी. तीच गाडी १९७२ला 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ला 'पद्मिनी'. डोंबिवलीत अनेक जण सांगतात की पद्मिनी 'आपल्या इथली'. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता हे खरे, आणि सभांमुळे प्रीमियर मैदानाचे नाव आजही चालते. पण तिथून १९९०च्या दशकात बाहेर पडलेली गाडी म्हणजे प्युजो ३०९. पद्मिनीचे घर कुर्ल्याचे. आपल्या गावाला थोडा मान मिळतोय म्हणून मीही हे बरीच वर्षे दुरुस्त केले नव्हते.

पद्मिनीचा दर्शक-फलक सुकाणूमागे एका आडव्या, लांबट चौकटीत बसतो. वेगाचे आकडे गोल तबकडीवर नाहीत, ओळीने मांडलेले आहेत आणि काटा डावीकडून उजवीकडे सरकतो, वाचताना डोळा सरकतो तसा. चौकट चालकाच्या पुढ्यात असल्यामुळे मागच्याला सुकाणू आणि खांदा यांच्याआड ती जवळजवळ दिसतच नाही. टॅक्सीत प्रवाशासाठी म्हणून एकच यंत्र होते, ते म्हणजे भाड्याचा मीटर; आणि तोही पूर्वी गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. झेंडा खाली पडला की तो धावू लागे आणि आकड्याला दरपत्रकावरून आजच्या भाड्यात बदलावे लागे. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि मीटर आत, डॅशबोर्डवर आला. आपल्या लेखांत मीटर मात्र नक्की आढळतो. आपल्याला दिसलेला एकमेव काटा पैशाचा होता.

कळव्याच्या काकांनी मला कल्याणला, वालधुनीच्या बाजूच्या एका गॅरेजात नेले. तिथे डोंबिवलीच्या एका डॉक्टरांची १९७०च्या दशकातली पद्मिनी उघडून ठेवली होती. डॉक्टरांना तिच्यासाठी नवा डॅशबोर्ड आणि दर्शकांचा फलक करून हवा होता. मिस्त्री साठीचे, काका त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्या पावसाळ्यात अकरा रविवार मी तिथे स्टुलावर बसून काढले. पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक त्या स्टुलावर शिकलेले आहे, त्यामुळे एखाद्या अभियंत्याला ते बाळबोध वाटेल.

डॉक्टरांनी नमुना म्हणून मोबाइलवर एक छायाचित्र आणले होते. हौशी मंडळींत सध्या हीच चाल आहे: मूळ चौकट काढून टाकायची, अक्रोडाच्या लाकडाचा तकतकीत फळा बसवायचा, त्यात क्रोमच्या कड्यांचे पाच-सहा गोल दर्शक. दुसरी चाल म्हणजे सगळे काढून एक डिजिटल पडदा. पडद्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही; तो निदान खोटे बोलत नाही, आपण आजचे आहोत हे सरळ सांगतो. अक्रोडाचा फळा मात्र मला खटकतो. ही घडण श्रीमंत इंग्रजी गाड्यांची. पद्मिनी मध्यमवर्गीय इटालियन कुटुंबासाठी रचलेल्या गाडीची वंशज आहे. तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा, तिचे सौंदर्य काटकसरीतले. तिच्या तोंडावर लाकूड चढवणे म्हणजे चाळीतल्या घराला हवेलीचा दरवाजा लावून 'आमचा वाडा' म्हणून दाखवणे. जुन्या वस्तूवरचे प्रेम इथे जुनेपणाच्या एका आयात केलेल्या कल्पनेवरचे प्रेम होऊन बसते. हे मी डॉक्टरांना इतक्या शब्दांत म्हणालो नाही. मिस्त्री मात्र छायाचित्र पाहून एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्यात ऊन पडलं की काय दिसंल?" आणि टीकेचा पहिला धडा मला तिथे मिळाला. चकचकीत फळ्यावर दुपारचे ऊन पडले की काटे दिसत नाहीत, काचेत फक्त फळ्याचे प्रतिबिंब दिसते.

दुसरा धडा काट्यांचा. वेगदर्शकाचे तत्त्व १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मनाने पेटंट घेतलेले आहे. गिअरबॉक्समधून निघालेली पीळदार केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात, ती ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. इंजिनाच्या आणि काट्याच्या मध्ये हवेची एक फट आहे, हे कळल्यावर मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्प होतो.

डॉक्टरांच्या गाडीचा काटा थरथरायचा. कुठल्याशा कार्यशाळेने तो 'गेला' म्हणून नवा संच घ्यायला सांगितले होते. काका पुढे बसले, गाडी गल्लीत एक फेरी फिरवून आणली आणि म्हणाले, "केबल सुकलीय." केबल कोरडी पडली की ती आवरणात अडकते, पीळ साठवते आणि एकदम सोडते, काटा त्या तालावर कापरे भरल्यासारखा उडतो. केबल काढली, धुतली, हलके ग्रीस लावले, वळणाचा कोन मोकळा केला. काटा शांत झाला. तसाच इंधनाचा काटा: डावीकडे वळायचा इंडिकेटर दिला की तो तालात नाचायचा. दोष काट्यात नव्हता, अर्थिंगच्या गंजलेल्या टोकात होता. काकांना ही लक्षणे विचार न करता वाचता येत होती. वैद्य नाडी पाहतो तशी, असे लिहिणार होतो. पण ते जरा फारच होते. बसच्या गर्दीत कंडक्टरला कोणी तिकीट काढले नाही ते कळते, तशी म्हणूया.

खरी अडचण पुढे आली. पद्मिनीत तेलाच्या दाबासाठी काटा नाही, लाल दिवा आहे. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की पेटतो. डॉक्टर मागच्या उन्हाळ्यात मुरबाडमार्गे माळशेज चढताना गाडी तापून बसले होते. सोबत वृद्ध आई होत्या आणि दीड तास त्यांना रस्त्याच्या कडेला उन्हात काढावा लागला. त्यांना लाकूड हवे होते ते हौसेने, पण काटे हवे होते ते भीतीने. दिवा म्हणजे निकाल. काटा म्हणजे चालू असलेली सुनावणी. निकाल लागल्यावर करण्यासारखे फार उरत नाही. शिवाय पद्मिनीचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. शीळफाट्याच्या कोंडीत गाडी उभी असते तेव्हा इंजिन मंद, म्हणजे पंखाही मंद. नेमकी गरज असते तेव्हा वारा कमी. ज्या काळात ही गाडी रचली गेली त्या काळी शीळफाट्याची कोंडी कोणाच्या स्वप्नात नव्हती.

म्हणून काटे घालायचे हे ठरले. पण कुठे? इथे मिस्त्री आणि मी दोघेही एका प्रश्नाशी अडलो. ती गाडी पन्नास वर्षांची होत आली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेले वाहन 'व्हीए' मालिकेत वेगळे नोंदवता येते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. त्याआधी जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितले होते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही. आरसी पुस्तकात इंजिन क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, रंग, इंधन, आसने यांचे रकाने आहेत, डॅशबोर्डचा नाही. तेव्हा कायद्याने तीन छोटे काटे जोडायला कोणी अडवणार नाही. पण 'मूळ रूप' या शब्दाने मला अडवले.

मूळ म्हणजे कुठले? पद्मिनी हीच मुळात एक पाठभेद आहे. इटलीत गाडीचे दर्शक वेग्लिया बनवायची. तीच गाडी इकडे आली, भाग देशी झाले, नाव तीनदा बदलले, पुढे गिअरचा दांडा सुकाणूवरून जमिनीवर आला, काहींत डिझेल इंजिनही बसले. आणि टॅक्सी म्हणून ती जगली ते आयुष्य तर निव्वळ भरींचे. २०००नंतरच्या वर्षांत न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. डॅशबोर्डवर एक छोटी पेटी आली, पेट्रोल की गॅस हे ठरवणारा खटका आणि गॅसची पातळी दाखवणारे हिरवे दिवे. मूळ इंधनाचा काटा त्यामुळे निरुपयोगी झाला आणि बरेचदा रिकाम्यावर पडून राहिला. त्याशिवाय सुकाणूशेजारी पंखा, देव, परवान्याची चिमटीतली प्रत, सुट्ट्या पैशांचा डबा, पावसात काच पुसायचे फडके.

हे पाहताना मला भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. १९१९मध्ये हाती घेतलेले आणि १९६६मध्ये पुरे झालेले ते काम. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षेप वेगळे केले, पण फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राखले, कारण प्रक्षेपही कुणीतरी, कुठल्यातरी गरजेने घातलेला असतो आणि त्यातून संहितेचे आयुष्य कळते. आमचे गाडीप्रेमी मात्र दोन्ही बाजूंनी चुकतात. एक पंथ शुद्धीकरणाचा: गॅसची पेटी उपटा, पंखा उपटा, देव काढा, कारखान्यातून निघाली तशी करा. दुसरा अक्रोडपंथ: जे कधीच नव्हते ते घाला. पहिला पंथ वीस-तीस वर्षांच्या श्रमाचा पुरावा पुसतो, दुसरा न घडलेल्या इतिहासाचा पुरावा तयार करतो. माझ्या मते दुसरा अधिक हास्यास्पद आणि पहिला अधिक घातक. पहिल्याला शुद्धतेचे नाव आहे, त्यामुळे त्याला कोणी हटकत नाही.

माझे हे सगळे तत्त्वज्ञान मिस्त्रींनी स्पॅनर हातात घेऊन ऐकले आणि व्यवहारात सोडवले. मूळ चौकटीला हात लावायचा नाही. तिच्याखाली, डॅशबोर्डच्या आधीपासूनच्या स्क्रूंवर टांगता येईल असा दोन मिलिमीटर अॅल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा करायचा, एकही नवे छिद्र न पाडता. त्यात बावन्न मिलिमीटरचे तीन दर्शक: पाण्याचे तापमान, तेलाचा दाब, बॅटरीचा व्होल्टेज. पत्रा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यातून कापून आणला, वर काळा मॅट रंग दिला. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा डॉक्टरांना फार हवा होता. काकांनी तो उडवून लावला: १०८९ सीसीच्या या इंजिनाचे फेरे कानाला कळतात, त्यासाठी काटा कशाला. अॅमीटरही घेतला नाही. त्यातून गाडीचा बहुतेक सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डमागून फिरवावा लागतो आणि जुन्या तारांत तो आगीला आमंत्रण. व्होल्टमीटरला बारीक तार पुरते; इंजिन चालू असताना तो चौदाच्या आसपास राहिला की काळजी नाही, बारापर्यंत उतरू लागला की चार्जिंग गेले.

तापमानाच्या काट्यावर आमचा एक रविवार वाया गेला. बाजारातून आणलेला दर्शक आणि इंजिनावर बसवलेला सेन्सर वेगवेगळ्या जातीचे निघाले. दोघांचे रोधाचे मोजमाप जुळत नव्हते, त्यामुळे गार इंजिनावर काटा लालीत जाऊन बसला. शेवटी मिस्त्रींनी केशनळीचा यांत्रिक दर्शक लावला. त्यात बल्बातल्या द्रवाची वाफ नळीतून दाब देते आणि काटा हलतो. वीज लागत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बल्ब बुडवून आम्ही तो तपासला. शंभराला अगदी किंचित कमी दाखवत होता. मिस्त्रींनी काचेवर आतून नेलपॉलिशने एक बारीक टिंब दिले. हे टिंब कुठल्याही मूळ गाडीत नाही, आणि त्या फलकावरची मला सर्वांत आवडती गोष्ट तीच आहे.

डॉक्टर थोडे हिरमुसले होते हे सांगितले पाहिजे. अक्रोड मिळाला नाही आणि छायाचित्रात दाखवण्यासारखे काही झाले नाही. पहिल्या फेरीला आम्ही चौघे निघालो: डॉक्टर सुकाणूवर, काका शेजारी, मिस्त्री आणि मी मागे. मी मुद्दाम मध्ये सरकून बसलो, तरी मला काटे दिसले नाहीत. शीळफाट्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे अडकलो. डॉक्टर दर मिनिटाला तापमान मोठ्याने सांगू लागले: ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. नव्वदीला ते थबकले, मग घाईघाईने गाडी कडेला घेऊ लागले. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. पंच्याण्णवपर्यंत तिला घाम येऊ द्या. टिंबाजवळ गेली की बघू." ती गेली नाही; पुढची ट्रक हलली, वारा लागला, काटा खाली आला.

परतताना पत्रीपुलाजवळ डॉक्टरांनी मला पुढे बसायला सांगितले, आणि मग जागा बदलून एका मोकळ्या गल्लीत शंभर-दीडशे मीटर गाडी माझ्या हातात दिली. सुकाणूवरचा गिअर मला एकदाच नीट पडला. वेगाच्या काट्याकडे पाहायला मला वेळच झाला नाही. काका आता मागे होते, त्यांनी पुढे वाकून नव्या फलकाखालून हात फिरवला, चाचपला आणि मिस्त्रींना विचारले, "आणि सुट्टे पैसे कुठं ठेवायचे?"

मिस्त्रींनी पुढच्या रविवारी पत्र्याच्या उरलेल्या तुकड्याची एक छोटी खाच करून डावीकडे लावली. डॉक्टर त्यात गाडीच्या किल्लीची दुसरी जोडी ठेवतात.